साक्षीदाराचा कॅमेरा

गेल्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही युवकांना एक जुना माहितीपट दाखविला. आनंद पटवर्धन यांचा, १९८५ साली पूर्ण झालेला ‘हमारा शहर’. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपडवस्त्यांत राहणारी माणसे, त्यांच्या झोपड्या पाडणारी पथके आणि या माणसांमुळे शहराचे रूप बिघडते असे सांगणारे प्रतिष्ठित नागरिक, हा त्याचा विषय. त्यात एक प्रसंग आहे. उघड्यावर आलेली एक स्त्री कॅमेऱ्याकडे वळते आणि संतापाने चित्रपटकर्त्यालाच फैलावर घेते. गरिबांची छायाचित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी तुम्ही करणार तरी काय, असा तिच्या बोलण्याचा आशय.

दिवे लागल्यावर कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून जाणाऱ्या एका मुलाने विचारले, “फादर, त्या बाईचं पुढं काय झालं?” तत्क्षणी आम्हांला उत्तर सुचले नाही. तो प्रश्न मात्र मनातून जाईना. तो त्या एका स्त्रीपुरता नव्हता. ज्याचे चित्र घेतले त्याचे चित्र घेणारा काय देणे लागतो, असा तो प्रश्न होता. आनंद पटवर्धन यांची सुमारे पन्नास वर्षांची वाटचाल आम्ही त्या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा पाहिली. तिचा हा इतिहास.

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दशकात मोठमोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. नगर, सोलापूर, मराठवाडा येथून आणि केरळ, तामिळनाडू, गोवा येथून माणसे पोटासाठी येथे आली. आमच्या मिस्साबलिदानाला जमणारी कितीतरी कुटुंबे त्यांतलीच. कोणाला कंपनीची वसाहत लाभली, तर कोणी पवनेच्या काठी पत्र्याच्या आडोशाला संसार थाटला. शहराचा इतिहास लिहिताना कारखान्यांची नावे आणि उद्घाटनांच्या तारखा सापडतात. पत्र्याच्या आडोशाची नोंद सापडत नाही. ही नोंद ठेवण्याचे काम माहितीपटाने करावे अशी अपेक्षा असते. परंतु आपल्या देशात माहितीपटाचा जन्म काही या हेतूने झाला नाही.

चित्रपटाची कला मुंबईत आली ती ७ जुलै १८९६ रोजी. त्या दिवशी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखविण्यात आल्या. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर या मराठी छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे भाटवडेकर हे प्रत्यक्ष घटनेचे चित्रण करणारे पहिले भारतीय. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. पुढे दादासाहेब फाळके यांनी गिरगावात प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांनाही असेच पडद्यावर आणावे, हा ध्यास त्यांनी घेतला, ही हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच फाळक्यांनी कथापटाकडे वळण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. म्हणजे कथा आणि वास्तव या दोन्ही वाटा मराठी माणसाने आरंभीच चोखाळल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन केली. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी तिचे अनुबोधपट दाखविणे सक्तीचे झाले. धरणे, पोलाद, लसीकरण, कुटुंबनियोजन हे विषय एका धीरगंभीर आवाजात समजावून दिले जात. त्यांतील काही चित्रपट कलादृष्ट्या उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘अनुबोधपट’ या शब्दातच एक शिकविणारा आणि एक शिकणारा गृहीत असतो. पडद्यावरचा शेतकरी नांगर धरी, कामगार यंत्र चालवी. बोलणारा आवाज मात्र तिसऱ्याच कोणाचा असे. पटवर्धनांच्या कार्याचे वेगळेपण कळण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आनंद पटवर्धन यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९५० रोजी मुंबईत झाला. वडिलांचे घराणे अहमदनगरचे. रावसाहेब पटवर्धन आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. अच्युतराव १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून कार्य करणाऱ्या समाजवादी नेत्यांपैकी एक होते. आई निर्मलाताई मातीची भांडी घडविणाऱ्या नामवंत कलावती, शिक्षण शांतिनिकेतनात. त्यांचे माहेर सिंधमधले. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांसाठी कच्छमध्ये गांधीधाम हे नगर वसविणारे भाई प्रताप हे निर्मलाताईंचे वडील. त्याच फाळणीने आमच्या पिंपरीतही सिंधी निर्वासितांची छावणी वसविली आणि पुढे ‘पिंपरी कॅम्प’ ही भरभराटीची बाजारपेठ झाली. घर सोडावे लागलेल्या माणसांची वेदना पटवर्धनांना आजोळच्या इतिहासातून ठाऊक होती.

मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन १९७० साली ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकावयास गेले. ते व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनाचे दिवस होते. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी विद्यार्थ्यांनी केलेल्या उपवासाचे चित्रण हा त्यांचा कॅमेऱ्याशी आलेला आरंभीचा संबंध. पुढे कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. हे मजूर बहुसंख्येने मेक्सिकन कॅथलिक. १९६६ साली त्यांनी डेलानो ते सॅक्रामेंटो अशी पदयात्रा काढली तेव्हा अग्रभागी ग्वादालूपेच्या मरियामातेची पताका होती. द्राक्षमळ्यांत राबणारी ही माणसे निःशस्त्र राहून मोठ्या मळेवाल्यांना नमवू शकली, हा धडा पटवर्धन तेथून घेऊन आले. परतल्यावर त्यांनी मध्य प्रदेशातील ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षणकार्यात दोन वर्षे घालविली.

१९७४ साली ते बिहारात जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात गेले. तेथे छायाचित्रांची निकड भासली, ती कलेसाठी नव्हे. मोर्चावर होणाऱ्या लाठीमाराचा पुरावा राहावा म्हणून कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे राहणे आवश्यक होते. साधने तुटपुंजी. लहान आठ मिलिमीटर फितीवर चित्रण करावयाचे, ते पडद्यावर दाखवून मोठ्या सोळा मिलिमीटर फितीवर पुन्हा टिपावयाचे, अशी तडजोड करून १९७५ साली ‘क्रांति की तरंगें’ तयार झाला. लवकरच आणीबाणी लागली. चित्रपटाच्या प्रतीचे तुकडे करून ते गुपचूप परदेशी धाडण्यात आले आणि तेथे जोडण्यात आले. स्वतः पटवर्धन उच्च शिक्षणासाठी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात गेले. आणीबाणी उठल्यावर राजबंद्यांविषयीचा ‘जमीर के बंदी’ हा चित्रपट १९७८ साली आला. कॅनडातील पंजाबी शेतमजुरांनी संघटना उभारली, तिच्यावर १९८१ साली त्यांनी जिम मन्रो यांच्यासह ‘अ टाइम टु राइज’ केला.

या काळात लॅटिन अमेरिकेतील चित्रपटविचाराचा त्यांच्यावर प्रभाव पडला. क्यूबाचे हुलिओ गार्सिआ एस्पिनोसा यांनी १९६९ साली ‘अपूर्ण चित्रपट’ ही कल्पना मांडली होती. तांत्रिक सफाईच्या मागे लागलेली कला प्रेक्षकाला निष्क्रिय करते. जगण्याच्या झगड्यात सामील असलेला चित्रपट ओबडधोबड असला तरी चालेल, असे तिचे सार. याच भूखंडातील महागुरुस्वामींनी १९६८ साली मेडेलिन येथे एकत्र येऊन ख्रिस्तसभेने गरिबांच्या बाजूने उभे राहावे असा निर्धार केला, हे आपण गुरुविद्यालयात शिकलो. एकाच मातीतून, एकाच दशकात हे दोन्ही विचार उगवले. जो खाली पडला आहे त्याच्या जागेवरून जग कसे दिसते, हे पाहण्याचा आग्रह दोहोंत समान आहे.

‘हमारा शहर’मध्ये ही दृष्टी पूर्णत्वास गेली. पटवर्धनांची पद्धत वरकरणी साधी. कॅमेरा बहुधा स्वतःच्याच खांद्यावर. कॅमेऱ्यामागून ते साधे, सौम्य प्रश्न विचारतात आणि माणसाला बोलू देतात. उपहास करीत नाहीत, वाद घालून कोणाला गप्प करीत नाहीत. झोपडीतला बोलतो, तसेच मोठ्या बंगल्यातलाही बोलतो. दोन बोलणी शेजारी ठेवली की प्रेक्षकाला आपला निवाडा आपण करावा लागतो. शाहिरांची गाणी निवेदनाची जागा घेतात. या पद्धतीत संकलनाला मोठे महत्त्व असते, आणि म्हणूनच आरंभी सांगितलेला प्रसंग अर्थपूर्ण ठरतो. ती संतापलेली स्त्री कात्रीने सहज वगळता आली असती. कोणाला काही कळलेही नसते. पटवर्धनांनी तो आरोप आपल्याच चित्रपटात जपून ठेवला. ज्याने दुसऱ्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार घेतला, त्याने स्वतःवरचा प्रश्नही लोकांपुढे मांडला. पापनिवेदनाच्या संस्काराचे मोल जाणणाऱ्या आपल्याला यातील प्रांजळपणा समजावून सांगण्याची गरज नाही.

‘हमारा शहर’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९८६ साली कुलाब्याच्या संजय गांधी नगरातील झोपड्या पाडण्यात आल्या, तेव्हा तेथील रहिवाशांसह शबाना आझमी आणि पटवर्धन उपोषणाला बसले. त्या कुटुंबांना पुढे गोरेगावात पर्यायी जागा मिळाली. आमच्या युवकाच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा पहिला भाग. चित्रपट संपला तरी चित्रपटकर्ता घरी गेला नाही.

१९९० साली देशात निघालेल्या रथयात्रेच्या वेळी पटवर्धन अयोध्येपर्यंत गेले. त्यातून १९९२ साली, बाबरी मशीद पडण्यापूर्वी, ‘राम के नाम’ तयार झाला. आम्हां धर्मगुरूंनी त्यातील एक मुलाखत अवश्य पाहावी. रामजन्मभूमीचे न्यायालयनियुक्त पुजारी लालदास आपल्या अंगणात शांतपणे बसले आहेत. मंदिराच्या नावाने चाललेल्या राजकारणाशी आणि पैशाशी रामभक्तीचा संबंध नाही, असे ते निर्भयपणे सांगतात. आवाज चढत नाही, द्वेष नाही. १९९२ सालीच त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. जे थोडे बोलणे मागे राहिले ते या चित्रफितीमुळे. ‘हुतात्मा’ या अर्थी आपली ख्रिस्तसभा जो ग्रीक शब्द आरंभापासून वापरते त्याचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ असा आहे. लालदास आपल्या धर्माचे नव्हते. त्या शब्दाचा अर्थ मात्र त्यांनी आम्हांला नव्याने शिकविला.

१९९५ साली ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ आला. त्याचे इंग्रजी नाव ‘फादर, सन अँड होली वॉर’. पवित्र त्रैक्याच्या नावावरची ही श्लेषरचना पाहून आम्हांला प्रथम अस्वस्थ वाटले, हे कबूल करतो. दररोज कपाळाला हात लावून जे नाव आपण उच्चारतो त्याच्याशी हा खेळ कशाला? चित्रपट पाहिल्यावर अस्वस्थता गेली नाही, तिची दिशा बदलली. १९८७ साली राजस्थानात देवराळा येथे रूपकुंवर सती गेली, तेथपासून मुंबईच्या दंगलीपर्यंत हिंसेचा माग काढीत पटवर्धन विचारतात, पुरुषार्थाची कोणती कल्पना बाप मुलाच्या हाती देतो? हा प्रश्न दंगेखोरांच्या घरी जसा लागू आहे तसा आपल्याही घरी आहे. मुलगा रडला तर ‘बायकांसारखा रडू नकोस’ असे म्हणणारा बाप आमच्या धर्मग्रामातही आहे.

असे चित्रपट दूरदर्शनवर सहजी दिसणे शक्य नव्हते. सरकारने पुरस्कार द्यावा आणि सरकारी वाहिनीने तोच चित्रपट नाकारावा, असा विचित्र क्रम अनेक वर्षे चालला. दर वेळी पटवर्धन न्यायालयात गेले. ‘राम के नाम’ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दूरदर्शनवर दिसला. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दाखविण्याचा आदेश २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. तोवर चित्रपट अकरा वर्षांचा झाला होता. अण्वस्त्रांविरुद्धच्या ‘जंग और अमन’ला (२००२) परीक्षण मंडळाने एकवीस काटछाटी सुचविल्या होत्या; २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही काटछाट न करता संमत करविला. या निकालांचा लाभ केवळ त्यांना झाला नाही. नागरिकाला आपले म्हणणे मांडण्याचा आणि इतरांना ते ऐकण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले. अल्पसंख्य समाजाला या तत्त्वाचे मोल अधिक.

उत्तराचा दुसरा भाग मात्र दुःखाचा आहे. ‘हमारा शहर’मध्ये विलास घोगरे नावाचे शाहीर गातात. ते स्वतः मुंबईत झोपडीत राहत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी लोकांनी पाहिले. संतप्त जमाव रस्त्यावर आला, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्यू पावली. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत स्वतःचे जीवन संपविले. आयुष्यभर लाल झेंड्याची गाणी गाणाऱ्या या शाहिराने मरताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती.

आपल्या चित्रपटात ज्याचा आवाज घेतला तो असा का गेला, या प्रश्नाने पटवर्धनांना चौदा वर्षे गुंतवून ठेवले. त्यांनी रमाबाई नगरातील कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाणे चालू ठेवले. खटला रेंगाळताना पाहिला. दलित वस्त्यांतील गाणी, जलसे, जयंत्या, राजकीय फाटाफूट, सारे टिपले. वाटेत त्यांना पुण्यातील ‘कबीर कला मंच’चे तरुण कलावंत भेटले, शीतल साठे यांचा आवाज याच चित्रपटाने दूरवर पोहोचविला. २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला, तो तीन तासांहून अधिक लांबीचा आणि बहुतांशी मराठीत. तो मुंबईच्या वस्त्यांत पडदे बांधून दाखविला गेला. ज्यांच्याविषयी चित्रपट आहे ते पहिल्या रांगेत बसून तो पाहत आहेत, ही गोष्ट आमच्या मते पटवर्धनांच्या साऱ्या पुरस्कारांहून मोठी आहे.

त्यांच्यावर आक्षेपही घेतले जातात. ते एकाच बाजूचे दाखवितात, असे पुष्कळांचे मत आहे. ते निष्पक्षपातीपणाचा आव आणत नाहीत, हे खरे. धर्मसंस्थांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आपल्या श्रद्धेची नाही. श्रद्धेने गरिबांना दिलेले बळ त्यांच्या चित्रपटांत थोडे कमी दिसते, असे आम्हांलाही वाटते. परंतु ज्याचे मत पटत नाही त्यालाही ते पुरते बोलू देतात. शिवाय आपल्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ‘इंटर मिरिफिका’ या दस्तऐवजात समाजाचा सत्य माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे, हे विसरता येत नाही. १९९८ सालच्या ‘फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड’ या त्यांच्या चित्रपटात यांत्रिक जहाजांनी आणि कोळंबी शेतीने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा घास कसा हिरावला ते दिसते. त्या मच्छीमारांच्या राष्ट्रीय आंदोलनाचे एक प्रमुख नेते फादर थॉमस कोचेरी हे धर्मगुरूच होते. म्हणजे पटवर्धनांचा कॅमेरा आणि आपली ख्रिस्तसभा यांची वाट कधीकधी एकच झालेली आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉम्रेड गोविंद पानसरे, प्रा. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१८ साली त्यांनी ‘विवेक’ केला. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला. त्यानंतर २०२३ साली ‘वसुधैव कुटुंबकम्’ आला. वृद्ध आईवडिलांचे घरी सहज केलेले चित्रण हे त्याचे मूळ साहित्य. आई-बाबांच्या थट्टामस्करीतून, जुन्या आठवणींतून स्वातंत्र्यलढ्याचा आणि फाळणीचा इतिहास उलगडत जातो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारी कॅमेरा घेऊन गेलेला माणूस अखेरीस आपल्या घरी आला आणि तेथेही त्याने तेच केले : समोरच्याला बोलू दिले.

त्या युवकाला आम्ही हे सारे पुढच्या शुक्रवारी सांगितले. ऐकून तो म्हणाला, “मग आपल्याकडचं कोण लिहून ठेवतं?” आम्हांला ९ ऑगस्ट २०११ ची आठवण झाली. पवना धरणातून आमच्या शहराला बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्यू पावले. पाणी आमच्या नळांसाठी होते. त्या रविवारी आमच्या प्रार्थनेत त्यांचा उल्लेख झाल्याचे आम्हांला आठवत नाही.

आता आमच्या युवकांनी एक वही घातली आहे. धर्मग्रामातील वयोवृद्धांकडे जाऊन ते कोठून आले, पहिली रात्र या शहरात कोठे काढली, कोणाची झोपडी केव्हा पाडली गेली, हे ते विचारतात. खिशातल्या फोनने चित्रणही करतात. एका आजीने त्यांना दारातच अडवून विचारले, “हे घेऊन तुम्ही काय करणार?” मुले गोंधळून परत आली. आम्ही त्यांना सांगितले, आजीचा प्रश्नही वहीत लिहा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्याकडे जा.